काठाची खाच: वाइनचे पेले गार करण्याची आणि विसळण्याची जुनी भांडी ओळखावी, तपासावी आणि वापरावी कशी

जुन्या वस्तूंच्या लिलावात काठाला एक किंवा दोन चोची असलेला काचेचा छोटा वाडगा मांडलेला असला, की त्याची ओळख हमखास चुकते. कोणी त्याला बोटे धुण्याची वाटी म्हणतो, कोणी साखरेचे भांडे म्हणतो, आणि चोच दिसल्यामुळे त्यातून सॉस ओतत असतील असे कोणाला वाटते. वस्तुतः त्या चोचीतून काहीही ओतायचे नसते. वाइनचा पेला उपडा करून त्याची वाटी वाडग्यातल्या गार पाण्यात सोडायची, देठ चोचीत टेकवायचा आणि पेल्याची बैठक (देठाखालची चकती) काठाबाहेर राहू द्यायची, यासाठी ती चोच असते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर या कुळातली बहुतेक भांडी ओळखता येतात, त्यांत नंतर कोणी हात घातला आहे का हे बऱ्याच अंशी कळते आणि त्यांना इजा न करता ती वापरताही येतात. म्हणून पुढचे सगळे विवेचन भांड्याच्या काठाला धरूनच केले आहे.

ही भांडी कशासाठी होती

इंग्लंड आणि फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळात पेले जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवत नसत. ते बाजूच्या टेबलावर असत. पाहुण्याने खूण केली की नोकर भरलेला पेला आणून देई, पाहुणा तो रिकामा करून परत देई, आणि तोच पेला विसळून पुन्हा भरला जाई. पेले महाग होते, मोजके होते आणि एकाच जेवणात वाइन मात्र अनेक प्रकारच्या असत. आपल्याकडे ‘धुणे’ आणि ‘विसळणे’ हे दोन वेगळे शब्द आहेत, त्याचा इथे चांगला उपयोग होतो: ही भांडी पेले धुण्याची नव्हेत, विसळण्याची आणि त्याच वेळी गार करण्याची आहेत.

यांतले सर्वांत प्रसिद्ध भांडे म्हणजे मॉन्टीथ. ऑक्सफर्डचा इतिहाससंशोधक अँथनी वुड याने डिसेंबर 1683 मध्ये आपल्या रोजनिशीत अशी नोंद केली आहे, की त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काठाला खाचा असलेले एक नवे पात्र प्रचारात आले. पेले बैठकीच्या आधाराने त्या खाचांत लटकत आणि त्यांच्या वाट्या पाण्यात राहून गार होत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मॉन्टीथ नावाचा एक चमत्कारिक स्कॉटिश गृहस्थ आपल्या झग्याची किनार अशीच खाचा-खाचांची ठेवत असे, आणि त्यावरून भांड्याला हे नाव पडले. एखाद्याच्या कपड्यांची थट्टा भांड्याच्या नावात तीनशेहून अधिक वर्षे टिकावी, हा प्रकार मजेशीर खराच.

चांदीचे मॉन्टीथ म्हणजे साधारण तीस ते पस्तीस सेंटीमीटर व्यासाचा, बुडाला कडे असलेला गोल वाडगा. काठावर बहुधा आठच्या आसपास खाचा असतात आणि दोन्ही बाजूंना सिंहमुखातून लोंबणाऱ्या कड्या दिसतात. सुरुवातीच्या भांड्यांत खाचांचा काठ वाडग्याचाच भाग असे. 1690 च्या दशकापासून तो सुटा करता येऊ लागला. काठ काढून ठेवला की त्याच वाडग्यात पंच नावाचे मिश्र मद्य कालवता येई. अटलांटिकपलीकडे बोस्टनच्या जॉन कोनी या सोनाराने घडवलेले मॉन्टीथही आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चांदीची ही हौस अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांनंतर ओसरली, पण आकार टिकला: कथिलाच्या झिलईची मातीची भांडी, युरोपसाठी चीनमध्ये बनलेले पोर्सेलिन, इंग्लिश क्रीमवेअर (मलईच्या रंगाची झिलईदार मातीची भांडी) आणि काळ्या-तांबड्या रोगणाचा पत्रा अशा अनेक साहित्यांत तो सापडतो.

फ्रान्समध्ये या भांड्यांची मापे आणि नावे अधिक नेमकी होती. सेव्हर्‌च्या पोर्सेलिन कारखान्याच्या संचांत ‘सो आ बुतेय’ ही बाटलीची बादली, ‘सो आ व्हेर’ ही एका पेल्याची लहान बादली आणि ‘सो क्रेनेले’ हे लहरी काठाचे, लंबगोल, अनेक पेल्यांचे भांडे अशी वेगवेगळी पात्रे असत. यांतल्या एका पेल्याच्या बादलीचा काठ अनेकदा सपाट असतो, त्यामुळे खाच नाही म्हणून ती या कुळातली नाही असे मानू नये. तिथे उंचीवरून निर्णय करावा लागतो. बाटलीची बादली साधारण एकोणीस-वीस सेंटीमीटर उंच असते, तर पेल्याची अकरा-बारा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेले टेबलावर आले आणि इंग्लंड-आयर्लंडमध्ये प्रत्येक पाहुण्याच्या उजव्या हाताशी काचेचे स्वतंत्र विसळपात्र ठेवण्याची पद्धत रूढ झाली. सुरुवातीला उल्लेखलेला चोचींचा वाडगा तो हाच: साधारण दहा सेंटीमीटर उंच, त्याहून किंचित रुंद, सरळ भिंतींचा. दोन चोची असतील तर दोन पेल्यांची सोय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रत्येक वाइनसाठी निराळा पेला आधीच मांडून ठेवण्याची रीत पसरली आणि विसळण्याची गरजच संपली.

हातात आल्यावर आधी काय पाहावे

भांडे उचलण्यापूर्वी हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे, टेबलावर जाड टॉवेल अंथरावा आणि भांडे काठाला किंवा कड्यांना न धरता दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचलावे. मॉन्टीथचा सुटा काठ आधी वेगळा करावा, अन्यथा वाडगा हातात येतो आणि काठ खाली पडतो.

मग खाच तपासावी. खाच पेल्याच्या देठाहून रुंद आणि बैठकीहून बरीच अरुंद असली पाहिजे. तसे नसेल तर ते भांडे पेले लटकवण्यासाठी घडवलेले नाही आणि तो काठ केवळ शोभेचा आहे. जाड पुठ्ठ्याची एक गोल चकती सहा-सात सेंटीमीटर व्यासाची कापून तिच्या मध्यभागी पेन्सिल खोचावी. ही चकती म्हणजे बैठक, पेन्सिल म्हणजे देठ. खऱ्या पेल्याऐवजी ही नक्कल प्रत्येक खाचेत अडकवून पाहिली, तर अमूल्य वस्तूवर काच न आपटता पडताळणी होते. खोलीही पाहावी: लटकलेल्या पेल्याची वाटी बुडाला टेकता कामा नये.

काचेच्या विसळपात्रात सर्वाधिक इजा चोचीलाच होते, कारण ती बाहेर आलेली असते आणि देठ सतत तिच्यावर आपटतो. टवका उडाला की तो घासून गुळगुळीत करण्याची जुनी खोड आहे. हे डोळ्यांना चटकन दिसत नाही. मी यासाठी कागदाची एक पट्टी वापरतो: भांडे सपाट टेबलावर ठेवून पट्टी त्याच्या शेजारी उभी धरायची, काठाच्या उंचीवर पेन्सिलीने खूण करायची आणि तीच पट्टी काठाभोवती सगळीकडे व दोन्ही चोचींशी धरून पाहायची. एकदा एका गर्द निळ्या वाडग्याच्या दोन चोचींत जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक आढळला. बुटक्या चोचीवरून नख फिरवल्यावर कडेची मूळची गोलाई जाऊन तिथे सपाट, किंचित धारदार पट्टी लागली. भट्टीच्या आचेत वितळून गोल झालेली कड आणि चाकावर घासलेली कड यांतला फरक नखाला नेमका कळतो. ते भांडे मी तरीही घेतले, मात्र बिनदोष जोडीच्या भावाने नव्हे.

यानंतर भांडे टॉवेलवर उपडे करून बूड पाहावे. फुंकून केलेल्या भांड्याच्या बुडाशी, घडवताना ते ज्या लोखंडी कांबीवर धरलेले असते तिची खूण असते. ती खडबडीत तरी राहते किंवा घासून उथळ वाटीसारखी केलेली असते. शंभर-दोनशे वर्षांच्या वापराचे ओरखडे बारीक, निरनिराळ्या दिशांना जाणारे आणि जिथे बूड टेकते तिथेच असतात. सगळे ओरखडे एकाच दिशेने, सारख्या जाडीचे असतील किंवा टेकत नसलेल्या भागावरही असतील, तर ते कोणीतरी मुद्दाम पाडलेले आहेत असे समजावे. भिंतीवर साच्याची उभी शिवण दिसली तर भिंगातून नीट पाहावी. साच्यात दाबून काच घडवण्याचे यंत्र 1820 च्या दशकापासून वापरात आले, त्यामुळे दाबलेल्या काचेचे भांडे अठराव्या शतकाचे असणे शक्य नाही. साच्यात फुंकलेली काच मात्र त्याहून जुनी असू शकते, हेही विसरू नये.

काच हातात जड लागते ती शिशामुळे. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने 1674 मध्ये आपल्या काचेचे पेटंट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत शिसे घालून ती सुधारली. 1740 च्या दशकात तिथे काचेवर वजनाप्रमाणे कर बसला, तो 1845 मध्ये उठला. आयर्लंडला 1825 पर्यंत या कराची झळ नव्हती आणि 1780 मध्ये निर्यातीची मोकळीकही मिळाली, म्हणून त्या काळात कॉर्क, वॉटरफर्ड या गावांतले काचकाम भरभराटीला आले. मात्र ‘जड आहे म्हणून आयरिश’ हा विक्रेत्यांचा आवडता निष्कर्ष मानू नये. जाड, जड काच इंग्लंडमध्येही होत होती आणि बुडावर कारखान्याचे नाव नसलेले भांडे नेमके कुठले, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. निळ्या काचेला सरसकट ‘ब्रिस्टल’ म्हणण्याचेही तसेच आहे. ब्रिस्टलच्या आयझॅक जेकब्सची सोनेरी सही असलेल्या वस्तू आहेत, पण कोबाल्टची निळी काच इतर अनेक गावांत होत होती.

चांदीच्या मॉन्टीथचे छाप आणि पोर्सेलिनची पारख

चांदीच्या बाबतीत पहिला प्रश्न असा, की वाडगा आणि सुटा काठ एकाच जन्माचे आहेत का. काठ सुटा असेल तर त्यावरही छाप असायला हवेत आणि कारागिराची खूण वाडग्यावरच्या खुणेशी जुळायला हवी. इंग्लंडमध्ये 27 मार्च 1697 पासून 1 जून 1720 पर्यंत ब्रिटानिया दर्जाची, म्हणजे 95.84 टक्के शुद्ध चांदी सक्तीची होती. तिच्यावर बसलेल्या ब्रिटानियाची (ब्रिटनचे प्रतीक मानलेल्या स्त्रीची) आकृती आणि मानेपासून तोडलेले सिंहाचे मस्तक हे छाप असतात आणि कारागिराच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे असतात. त्याआधीच्या आणि नंतरच्या स्टर्लिंग चांदीत 92.5 टक्के शुद्धता असून तिच्यावर चालत्या सिंहाचा छाप असतो. 1784 ते 1890 या काळात राजा किंवा राणीच्या मस्तकाचा करछापही मारला जाई. त्यामुळे शैली 1700 सालची आणि छापांत राजमस्तक, असे दिसले तर ती नंतरची नक्कल आहे, किंवा नंतर नव्याने छाप मारून घ्यावा लागेल एवढा बदल तिच्यात झाला आहे.

साध्या पंचच्या वाडग्याचा काठ कापून किंवा त्याला खाचांची पट्टी डाखून त्याचे मॉन्टीथ केल्याची शक्यता नेहमी डोक्यात ठेवावी, कारण मॉन्टीथला किंमत अधिक येते. इथे एक साधी युक्ती कामाला येते. थंड पृष्ठभागावर तोंडाची वाफ सोडली, की क्षणभर धुके बसते आणि त्यात डाकाची रेघ, बुजवलेले जुने कोरीव चिन्ह किंवा दुसऱ्या भांड्यातून कापून बसवलेल्या छापांची चौकट उठून दिसते. ज्या जागी कुलचिन्ह घासून काढले आहे तिथे पत्रा पातळ झालेला असतो. आतून तर्जनी आणि बाहेरून अंगठा ठेवून हलकेच सरकवत गेल्यास तो बोटांना कळतो. भांड्यावर ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरे असतील तर ते विजेने मुलामा दिलेले आहे. हे तंत्र व्यवहारात आले ते 1840 च्या एल्किंग्टन पेटंटनंतर.

पोर्सेलिनबद्दल थोडक्यात. सेव्हर्‌ची एकमेकांत गुंतलेल्या दोन ‘एल’ अक्षरांची खूण जगात सर्वाधिक नकललेल्या खुणांपैकी एक आहे, म्हणून केवळ तिच्यावर भरवसा ठेवू नये. चिनी निर्यात पोर्सेलिनच्या उत्तम नकला एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसन यांच्या कारखान्यात झाल्या आहेत. तपासणी पुन्हा काठाचीच करावी: खाचांच्या मधले उंचवटे हे सर्वांत आधी तुटतात, म्हणून त्यांची डागडुजी सर्वांत अधिक. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च फिरवल्यावर नंतर भरलेला रंग आणि चिकटवण भोवतालच्या झिलईपेक्षा निराळ्या रंगाने उजळलेली अनेकदा दिसते.

प्रत्यक्ष वापरायचे असेल तर

मातीची झिलईदार आणि रोगण लावलेल्या पत्र्याची भांडी पाण्याने भरूच नयेत. पहिल्यात झिलईच्या टवक्यांतून पाणी आत मुरते, दुसऱ्यात रोगणाखाली गंज धरतो. दुरुस्त केलेले कोणतेही भांडे, मग ते काचेचे असो वा पोर्सेलिनचे, पाण्यापासून दूरच ठेवावे. राहता राहिली ती धडधाकट काच, चांदी आणि पोर्सेलिन.

पहिली अडचण पेल्यांची येते. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये इंग्लंडमधल्या 411 पेल्यांची मापे मांडली. 1700 च्या सुमारास सरासरी पेल्यात 66 मिलिलिटर मावत असे, तर 2017 मध्ये 449. आजचा मोठा पेला विसळपात्रात शिरतच नाही, आणि एका चोचीत जबरदस्तीने अडकवला तर हलके भांडे त्या बाजूला कलंडते. म्हणून शेरी किंवा लिकरचे, लहान वाटीचे आणि जाड देठाचे पेले निवडावेत. मॉन्टीथमध्ये पेले समोरासमोरच्या खाचांत जोडीजोडीने लटकवावेत आणि काढतानाही तसेच काढावेत, म्हणजे तोल राहतो.

बर्फ थेट काचेच्या भांड्यात टाकू नये. शिशाची जुनी काच तापमानातल्या फरकाने उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेपेक्षा कितीतरी अधिक आकसते-प्रसरते, आणि विसळपात्राचे बूड जाड, भिंत पातळ असल्याने ताण सांध्यावर येतो. त्यापेक्षा दुसऱ्या एखाद्या भांड्यात पाणी गार करून, बर्फाचे खडे गाळून, ते पाणी विसळपात्रात अर्ध्यापर्यंत घ्यावे. त्याआधी भांडे खोलीच्या तापमानाला आलेले असावे. दिव्याखाली तापलेल्या कपाटातून काढून लगेच त्यात गार पाणी ओतू नये. चांदीच्या भांड्यात बर्फ घालण्याला हरकत नाही, मात्र पाणी लवकर गार व्हावे म्हणून त्यात मीठ टाकण्याचा मोह आवरावा, कारण मिठातल्या क्लोराइडमुळे चांदीला खड्डे पडतात आणि ते पॉलिशने जात नाहीत.

आता पेला. तो देठाला धरून उपडा करावा, देठ चोचीत हलकेच टेकवावा, वाटी पाण्यात फिरवून अर्ध्या मिनिटात विसळून घ्यावी आणि गार करायचा असेल तर तसाच काही मिनिटे राहू द्यावा. बाहेर काढताना देठ आधी चोचीतून वर उचलावा आणि मग बाजूला आणावा. आडवा ओढला की काचेवर काच घासते, आणि चोचींचे टवके नेमके याच क्षणी उडतात. दुसऱ्या प्रकारच्या वाइनसाठी पाणी बदलावे. तांबड्या वाइननंतर तेच पाणी पांढऱ्या वाइनच्या पेल्याला वापरणे म्हणजे विसळण्याचा हेतूच बुडवणे.

मद्य किंवा फळांचा रस या वाडग्यांत भरून ठेवू नये, कारण आम्लामुळे काचेतले शिसे द्रवात उतरते. फुले रचण्यासाठी ही भांडी वापरण्याची फॅशन मला पसंत नाही. चार दिवस उभे राहिलेले पाणी काचेच्या आतल्या भिंतीवर पांढरट कडे सोडून जाते आणि काही वेळा ते क्षारांचे नसून काचेलाच झालेल्या झिजेचे असते, म्हणजे निघतच नाही.

धुणे, पुसणे, ठेवणे

काच आणि पोर्सेलिन प्लास्टिकच्या टबात, तळाशी टॉवेल घालून, एका वेळी एकच भांडे घेऊन धुवावे. पाणी कोमट, साबण सौम्य आणि अगदी थोडा. सोनेरी मुलाम्यावर स्पंज चोळू नये. ओल्या मऊ ब्रशने नुसता स्पर्श करावा. शेवटचे विसळणे ऊर्ध्वपातित पाण्याने केले तर डाग राहत नाहीत. डिशवॉशर पूर्णपणे वर्ज्य, कारण त्याची पावडर तीव्र अल्कधर्मी असते आणि काचेची चकाकी, सोने, मीनाकारी यांपैकी काहीही सोडत नाही. काचेत बारीक जाळ्यासारख्या भेगा किंवा चिकट ओलावा दिसला तर ती काच रासायनिकदृष्ट्या अस्थिर आहे. तिला धुण्यापेक्षा जाणकार संवर्धकाला दाखवावे आणि तोवर 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान स्थिर आर्द्रता असलेल्या जागी ठेवावे.

चांदीवरचा काळेपणा काढण्यासाठी बुडवून काढायची रसायने टाळावीत. बारीक खडूची पूड ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून सुती कापडाने हलके पुसणे पुरेसे होते, आणि छापांवर तर तेही शक्य तितके कमी करावे. प्रत्येक पॉलिशबरोबर थोडी चांदी निघते आणि सर्वांत आधी पुसट होतात ते छापच. सुटा काठ वाडग्यावर बसवूनच ठेवला तर दोघांच्या सांध्यात घर्षण होते, म्हणून मध्ये आम्लरहित कागदाची पट्टी घालावी किंवा काठ शेजारी निराळा ठेवावा. गुंडाळलेले कापड बांधण्यासाठी रबर कधीही वापरू नये. रबरातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ उमटते आणि ती कापडाच्या आरपारही उमटते.

विसळपात्रे एकात एक रचू नयेत. दोन चोचींची भांडी कपाटात मांडताना चोची समोर-मागे नव्हे तर डावी-उजवीकडे येतील अशी वळवून आणि शेजारच्या भांड्यापासून चार बोटे अंतर सोडून ठेवावीत, म्हणजे मागचे भांडे काढताना हाताची बाही चोचीत अडकत नाही.